धर्मशाळेची भिंत आणि माझी नोंद

“भिंत आतून सडली आहे,” इंजिनिअर साहेब म्हणाले आणि पुरावा म्हणून माझीच सही दाखवली.

परसवाड्याजवळच्या आमच्या गावातली जुनी धर्मशाळा पाडायची की ठेवायची, हे त्या पाहणीत ठरणार होतं. मी निवृत्त सब-इंजिनिअर. ती वाचवायला गावकऱ्यांनी समिती काढली, तिचा सल्लागारही मीच.

साहेबांच्या हातात एमबी होती. म्हणजे मेजरमेंट बुक. झालेलं काम मोजून त्यात लिहितात. “यात चुन्याचं प्लास्टर लिहिलंय. चुन्यातून ओल बाहेर पडते. तरी भिंत ओली, म्हणजे विटाच गेल्या.”

तर्क बरोबर होता. नोंद खोटी होती.

ते प्लास्टर मी नोकरीत असताना केलं, त्या वर्षी आठ दिवसांवर मंत्र्यांचा दौरा होता. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो. मी सिमेंट थापलं, वरून सफेदी मारली. मंजुरी चुन्याची होती, म्हणून चुना लिहिलं.

मी छिन्नी-हातोडी मागितली.

समितीच्या अध्यक्ष मेश्रामबाई म्हणाल्या, “काहून जी, आता तुम्हीच पाडता का?”

चार घाव घातले. करड्या रंगाची खपली निघाली. मागची वीट ओली होती, पण खिळ्याने ओरखडा उठेना. हातोडी टेकवली तर खणखणीत वाजली. दुसरी वीट वाजवली, तिसरी वाजवली. सगळ्या शाबूत!

“ये तो सीमेंट है,” साहेब एकदम हिंदीवर आले.

“हो. मीच लावलं. ओल त्यानेच कोंडली. नोंदही मीच खोटी केली.”

मेश्रामबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “दोन वर्सं आम्ही अर्ज करून राह्यलो, अन् तुम्ही आमच्याच मिटिंगीत चहा पीत होते?”

“हौ, बाई.”

“लेखी देता?” साहेबांनी विचारलं. तिथेच ओट्यावर बसून दिलं.

साहेबांनी उन्हाळाभराची मुदत दिली. आम्ही सगळं सिमेंट खरवडलं. मे संपेपर्यंत भिंत वाळली आणि पाडण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला. मग गावाने चुना मळला. बेलाचा गर आणि गूळ घालून, जुन्या पद्धतीने. मला इतका आनंद नोकरीत कधी झाला नव्हता.

समितीच्या कामाची नोंद आता मीच लिहितो. मेश्रामबाई ती वाचतात, मग खिळा घेऊन भिंतीशी जातात, ओरखडून चुनाच आहे ना ते बघतात, आणि परत येऊन सही करतात. नोकरीतल्या माझ्या साहेबांनी तेव्हा माझ्या नोंदीवर सही करण्याआधी एवढंच केलं असतं तरी पुरलं असतं.