येऊन गेले

किहीमला शकूआत्याच्या फाटकात उभं राहून कुणी पाहुणा "चला, जातो" म्हणाला की त्याची सुटका नसते. आत्या गाडीच्या खिडकीतून हात आत घालते आणि दाराची कडीच धरते.

"जातो न्हाय म्हनायचं. येतो म्हना."

पाहुणा हसून "येतो" म्हणतो. तेवढ्यानं भागत नाही. "बाईसायबांना म्हनूं द्या. पोरांना बी म्हनूं द्या." मग अख्खी गाडी एकामागून एक येतो, येते, येतो करते, तेव्हा कुठे आत्या हात काढते आणि गाडी मांडव्याच्या रो-रो बोटीकडे सुटते.

ही नक्कल मी पहिलीत असल्यापासून करते. डावा हात खिडकीत, पदराचं टोक दातात, आणि तो 'म्हनूं'मधला लांब ऊ. घरातले लोळायचे. आत्यासुद्धा डोळे पुसत म्हणायची, "मेली, माझा गळाच काडून घेतलाय हिनं." गेली दहा-अकरा वर्षं मी ती नक्कल करते आहे, आणि आत्या त्या शब्दावर का अडून बसते हे मी एकदाही ऐकलं नव्हतं. हे लिहिताना माझे कान गरम होतात.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. नारळाच्या वाडीत तिच्या तीन खोल्या आहेत, त्या ती पाहुण्यांना देते. काका, तिचे यजमान, वाडी बघतात आणि बोलत नाहीत. बोलण्याचं खातं आत्याकडे. "पाणी कोमट आहे हो" अशी कुणी तक्रार केली तर ती म्हणते, "समुद्र तरी कुठं गरम हाय? त्यात तर उड्या मारताव." पण पाच मिनिटांत वाफाळती बादली दारात असते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका पाहुण्यानं तिला विचारलं, "तुमचा मेल काय?" आत्या म्हणाली, "मेल कुठली इथं? आमच्याकडं यष्टी आन लाँच." पाहुणा हसला. आत्या हसली नाही. दुसऱ्या सोमवारी ती अलिबागला एमएससीआयटीच्या क्लासला नाव घालून आली. दहावी झालेल्या पोरांच्या बाकावर, पर्स मांडीवर धरून, तीन महिने. सर्टिफिकेट आजही गणपतीच्या फोटोशेजारी आहे, गणपतीपेक्षा बोटभर वर.

तेव्हापासून ती दोन बोटांनी मेल लिहिते. आणि गंमत अशी, की तोंडानं एवढी फटाकडी असलेली बाई मेलमध्ये एकदम तलाठी होते. 'सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. दिनांक अमुक रोजी खोली राखून ठेवली आहे. कळावे.' व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा विश्वास नाही. "ते वाहून जातं. मेल कसा, ठेवला तिथं ऱ्हातो." आणि ठेवायला तिनं स्वतःच्या हातानं मराठीत चार फोल्डर केले होते: येणार, आले, येऊन गेले, गेले.

जुना कंप्युटर खाऱ्या हवेनं आतून गंजला. या डिसेंबरात नवा आला. अलिबागच्या दुकानातला दिपेश येऊन सगळं लावून गेला. "आत्या, टेन्शन नको. मेल सगळे आलेत. फक्त फोल्डरची नावं जरा गंडलीत, ती हिला सांगा, करेल ती." ही म्हणजे मी, अमिषा. अकरावीला अलिबागला आहे, शनिवार-रविवार आत्याकडे असते.

नावं गंडली म्हणजे कशी, तर नुसती प्रश्नचिन्हं. डाव्या बाजूला एकाखाली एक प्रश्नचिन्हांच्या चार ओळी. मला तर मजाच वाटली. जरा वेळ बघितल्यावर लक्षात आलं की प्रत्येक अक्षराला एक आणि प्रत्येक काना-मात्रेला एक, असं प्रश्नचिन्ह पडलंय. तीन होती ते 'आले'. पाच होती ते 'येणार'. चार, मोकळी जागा, परत चार, ते 'येऊन गेले'. मी धडाधड नावं लिहीत सुटले. उरला शेवटचा, नुसत्या चार चिन्हांचा. गेले.

उघडून बघितला. सगळ्यात वर कुणा टिपणीसांचा मेल: 'शकूबाई, शनिवारी दुपारी पोचतो. खोली नेहमीचीच, चिंचेकडची.' खाली तसेच अजून. सगळे जुनेच पाहुणे. 'येऊन गेले'मध्येही जुनेच पाहुणे. मी ठरवलं की दिपेशनं हलवाहलवीत एका फोल्डरचे दोन केलेत. सगळे मेल उचलले, 'येऊन गेले'मध्ये टाकले, रिकामा फोल्डर पुसला.

आत्या वीस पावलांवर पडवीत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी हाक मारली ती नंतर, "आत्या, झालं गं सगळं!"

"गुणाची ती," आत्या म्हणाली. मासे साफ करताना तिच्या उजव्या हाताच्या बोटात शिंगाळ्याचा काटा गेला होता, बोट वांग्याएवढं सुजलेलं. "मग पोपटीचं पत्र बी टाक. येऊन गेल्यांना. दोन वळी. सप्रेम नमस्कार, पोपटी सुरू झाली, यावे ही विनंती. बस."

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की आत्या वाडीत पोपटी लावते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, कोंबडी, अंडी, आणि बाहेरून जाळ. त्यासाठी ती दरवर्षी जुन्या पाहुण्यांना बोलावते, त्या तलाठी भाषेत. मला वाटलं, लोक हिच्या बोलण्यावर जीव टाकतात आणि पत्रात मात्र त्यांना कळावे, लोभ असावा! मी असताना?

रविवारी सकाळी मी आत्या होऊन लिहिलं. शब्द न् शब्द आठवतो.

'काय हो, कुठं दडी मारून बसलात? किती दिस झालं, तोंड न्हाय दाखवलंत. रस्ता इसरलात का आमाला इसरलात? वाल भरलेत, मडकं तयार हाय. येतो म्हनून गेलात ना फाटकातून? मग या की! ह्या वक्ताला न्हाय आलात तर मी सोता येऊन उचलून आनीन. तुमची शकू.'

मोठ्यानं वाचून बघितलं. हुबेहूब. पाठवून दिलं.

दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस. 'शकूताई, हसून हसून मेलो.' 'अगदी समोर उभ्या राहिलात.' 'उचलून न्यायला नको, आम्हीच येतो.' मी एकेक उत्तर आत्याला वाचून दाखवत होते, त्या त्या माणसाच्या आवाजात. ती म्हणत होती, "एवढं काय लिवलंस गो?" मी म्हणत होते, "तुझंच तर!"

चारच्या सुमाराला फोन वाजला. आत्याच्या बोटामुळे मीच तो उचलून स्पीकरवर लावला.

"शकू? मी टिपणीस वहिनी बोलतेय, ठाण्याहून."

"वयनी! कशा हाव?"

मग, "शकू, तू यांच्या तेराव्याला आली होतीस ना गं? यष्टीनं, केळीची पानं घेऊन?"

"आलती ना वयनी. असं काय इचारताव?"

"मग हे काय पाठवलंस?"

आणि त्या बाईंनी पत्र वाचलं. सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं. कुठं दडी मारून बसलात. तोंड न्हाय दाखवलंत. येतो म्हनून गेलात ना फाटकातून. उचलून आनीन, इथे त्या थांबल्या. "यांच्या मेलवर आलंय. तो आता माझ्या फोनवर येतो. वाचताना तुझाच आवाज आला गं. म्हणून तर..."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. फार नाही, एक श्वासभर. त्या श्वासात मी म्हणायचं होतं. मी टेबलाच्या कडेवरचं निघालेलं सनमायका नखानं उचकत राहिले.

"चुकलं माझं वयनी," आत्या म्हणाली. "नवा कंपूटर हाय. हितलं तिथं झालं. माझीच चूक. माफ करा मला."

"असं लिहीत नव्हतीस तू कधी."

"व्हय. म्हातारी झाले."

माझी आत्या अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि अजून विहिरीचं पाणी ओढते. 'म्हातारी झाले' हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. एवढ्या वर्षांच्या नकलांत ते वाक्य माझ्याकडे नव्हतं.

फोन बंद झाल्यावर ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. "गेले कुठं हायत?"

"ते... दोन सारखेच वाटले मला. एकात एक केले."

"सारखे?" ती म्हणाली. "अगो, पावना येतो म्हनून सांगून जातो. तो येऊन गेला. त्याला नुसता गेला कसा म्हनू मी? गेले ते टिपणीससायेब. ते आता येतो म्हनायला न्हाईत." मग, "फाटकात माझी नक्कल करतेस ना तू? मंग तुला ठाव नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. लांब ऊ तेवढा ठाऊक होता.

फोल्डर पुन्हा वेगळे करायचे तर मशीनला काही विचारून उपयोग नव्हता. कोण आहे आणि कोण नाही हे फक्त आत्याच्या डोक्यात. मी नाव वाचायची, ती सांगायची.

"जयंतीभाई शहा."

"गेले. शेवेचा डबा आनायचे. काकाशी बोलायचे, आन काका उत्तर द्यायचे बी."

"मिसेस सावे."

"हाय, हाय. गुडघा बदललाय. ऱ्हाऊं दे तिथंच."

"प्रधान, डोंबिवली."

"गेले. आधी सून गेली, मंग ते."

असे दोनशेच्या वर लोक. एकदाही ती अडखळली नाही, एका नावाशिवाय. कुणी डिकुन्हा बाई, सहा वर्षांत पत्र नाही. आत्या बोट धरून बसली. "कळलं न्हाय तोवर येऊन गेल्यांतच ठेव."

शेवटी 'गेले'मध्ये अकरा माणसं झाली. त्या अकरांच्या घरी माझं पत्र जाऊन पोचलं होतं, आत्याच्या आवाजात, आत्याच्या नावानं. दुसऱ्या एका घरून उत्तरही आलं होतं, ते मी दुपारी न उघडताच ठेवलं होतं कारण वर नुसतं 'शकूबाई?' एवढंच होतं. आता उघडलं. आतही तेवढंच होतं.

"तोंडानं मी काय बी बोलते," आत्या म्हणाली, "पन समोरचं मानूस बघून बोलते. लिवताना पलीकडं कोन कसा बसलाय ते दिसत न्हाय. म्हनून सप्रेम नमस्कार लिवते मी. तुला वाटतं मला येत न्हाय." आवाज चढलेला नव्हता. चढलेला आवाज मला झेपला असता. "आन माझं बोलनं घेतलंस तर मला इचारायचं तरी."

मग ती फोन नंबरांची वही काढून अकरा नावांवर खुणा करायला लागली. डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या. एकेकाला फोन करून ती तेच सांगणार होती, माझीच चूक, म्हातारी झाले. दहा वेळा अजून. आणि मी शेजारी उभी राहून ऐकणार होते.

"आत्या, मी करते फोन."

"सगळे न्हाय. बाकीचे माझे हायत. टिपणीसवयनींचा कर."

मी फोन घेऊन फाटकापाशी गेले. लावायच्या आधी तालीम करायला गेले तर तोंडातून दिपेश निघाला, 'टेन्शन नको.' मग आमच्या कॉलेजच्या बाई निघाल्या. मग आत्या. माझं वाक्य काही सापडेना. तसाच लावला.

"हॅलो, शकू?"

"नाही. मी अमिषा, त्यांची भाची. ते पत्र आत्यानं नाही लिहिलं. मी लिहिलं. फोल्डर मी एकत्र केले, तिला न विचारता. आणि पत्रही तिला दाखवलं नाही. मघाशी फोनवर ती खोटं बोलली, माझ्यासाठी. मी तिथेच उभी होते."

पलीकडे वहिनींनी पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"वय काय तुझं?"

"सतरावं चालू आहे."

"हं." मग म्हणाल्या, "हे असते तर ते पत्र वाचून खूप हसले असते. मला नाही हसता आलं."

"हो," मी म्हणाले. सॉरी म्हणायचं राहिलं होतं ते म्हटलं, पण फार हळू निघालं.

"शकूला सांग, मी रागावले नाहीये तिच्यावर." 'तिच्यावर' हा शब्द त्यांनी जरासा दाबून म्हटला. "ठेवते."

पडवीत आत्या वही मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हनाल्या?"

कुणाचाही फोन झाला की मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवते, खोकल्यासकट. घरात सगळ्यांना त्याची सवय आहे. काकासुद्धा सुपारी सोलायची थांबून माझ्याकडे बघायला लागले.

टिपणीसवहिनींचा आवाज मला आला असता. अगदी हुबेहूब आला असता.

"म्हणाल्या, तुझ्यावर राग नाही," मी साध्या आवाजात सांगितलं. "माझ्यावर आहे."

आत्यानं मान हलवली, माझ्या हातातून फोन घेतला आणि सुजलेल्या बोटानं पुढचा नंबर लावला.