डावा खांदा

आयुष्यात पहिल्यांदाच घरी कोट शिवायला घेतला. मापं घेण्याची कटकट नको म्हणून बाबांचा जुना कोट उसवला आणि त्याचेच तुकडे नव्या काळ्या कापडावर ठेवून खडूने आखले. बाबा गेल्यापासून तो कपाटातच होता. उसवताना डाव्या खांद्याचं पॅड जाड निघालं, उजवीकडचं पातळ. शिंप्याची चूक असेल, असं समजून मी दोन्हीकडे पातळच पॅड घातली.

शिवलेला कोट हँगरवर, दाराला अडकवला. त्याचा डावा खांदा खाली उतरला होता, थकल्यासारखा. आई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"असेच उभे राहायचे रे," ती म्हणाली. "कोट काढला की खांदा पडायचा. बाहेर कधी कुणाला कळलं नाही."

मलाही कळलं नव्हतं. माणूस जन्मभर शेजारी वावरतो आणि त्याचा भार शिंप्याला ठाऊक असतो. दार वाऱ्याने हललं, तसा कोट किंचित माझ्याकडे वळला.

जाड पॅड घालायला मी कात्री उचलली.

"थांब जरा," आई हळूच म्हणाली. "आत्ताच तर घरी आलेत."