हळदीची रेघ

घर विकून आम्ही दोघं या गाडीतच राहायला आलो. मुक्काम कुठेही पडो, मुंग्या चढू नयेत म्हणून बायको आधी चाकांभोवती हळदीची रेघ ओढते. आज सकाळी मुंग्यांची रांग गाडीतूनच निघाली, टायरवरून उतरली आणि हळदीपाशी अडून मागे फिरली.

"अहो, या मागच्या मुक्कामावरच्या दिसतात," ती म्हणाली. "यांचं वारूळ तिकडेच राहिलं."

मी पायाने रेघ पुसली. मुंग्या खाली आल्या, अनोळखी मातीत थोड्या भटकल्या आणि पुन्हा टायर चढू लागल्या. रोज नवं गाव बघायच्या हौसेने आम्ही निघालो होतो. परतायचं कुठे, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं.

"आता जातील कुठे या?" तिने विचारलं. विचारताना ती मुंग्यांकडे बघत नव्हती.