सुईचा मोर्चा

घरातली बाई "आंग दुखते" म्हणते, तेव्हा तुम्ही तिला गोळी देता, की "कवापासून?" असं विचारता?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या उपकेंद्रात एक नर्सबाई होत्या. अकोल्याच्या. सगळं गाव त्यांना आपा म्हणायचं. "आंग दुखते" ऐकलं की त्यांचा अंगठा आधी समोरच्याच्या डोळ्याखाली जायचा. पापणी ओढून त्या म्हणायच्या, "आंगदुखी तं नुस्तं दार हाये. आत कोन बसलं हाये, ते पाहू दे."

ती वर्षं कापसाच्या गावांसाठी वाईट होती. मी चळवळीची पत्रकं लिहायचो. साऱ्या दुखण्यांचं एकच कारण मला तोंडपाठ होतं : व्यवस्था. माझी आई लोकांच्या वावरात कापूस वेचायची. दिवाळीपासून तिचं अंग ठणकत होतं. किराणा दुकानातली गोळी खाऊन ती कामावर जायची. एक दिवस वेचतावेचताच चक्कर येऊन पडली.

आपा लगेच सुई देत नाहीत, ही बायांची जुनी तक्रार होती. मी आईसकट दहा वेचणाऱ्या बाया जमवल्या आणि उपकेंद्रावर मोर्चा नेला. "सुई मिळालीच पाहिजे!"

आपा दारात आल्या. "बाप्पा, गळा तं चांगला हाये! आंग कोनाचं दुखते, तुहं?"

"नाही. यांचं."

"मंग तू बाहेर बस."

तासाभरात माझा मोर्चा दहा जागी पांगला. एकीला ताप होता, सांधे सुजलेले. तिला जीपनं दर्यापूरला धाडलं. एक नवऱ्याचे फवारणीचे कपडे उघड्या हातानं धुवायची. एक तान्ह्या लेकरापायी महिनाभर झोपली नव्हती. माझ्या आईची पापणी आतून पांढरीफटक निघाली. अंगात रक्तच नव्हतं.

"वावरात पानी किती पेतं?" आपांनी तिला विचारलं, ते मला बाहेर ऐकू आलं.

"पेत नाई."

"काहून व?"

"जाचं कुठं, आपा? मालक धुऱ्यावर उभा रायते."

आतल्या साऱ्या बाया हसल्या. बांधावर मालक, लघवीला आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही : सगळ्यांची तीच रीत होती. माझ्या एकाही पत्रकात ती नव्हती.

आपा बाहेर आल्या, माझं पत्रक उलटं करून माझ्या हाती दिलं. "कोऱ्या बाजूनं लिही. सुई नाई, आडोसा पायजे."

आईची रक्ततपासणी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ती त्या चहासोबत गिळायची. आपांनी घरी येऊन कप उचलला आणि लिंबूपाणी पुढं ठेवलं. "चाहानं गोळी आंगी लागत नाई. चाहा मंग पेजो." उन्हाळ्यात दर्यापूरच्या बाजारात आई माझ्या पुढं चालत होती. माझी आई मला आपांनी परत दिली.

आपा निवृत्त होऊन अकोल्याला गेल्या आणि तिथंच वारल्या. उपकेंद्राला आता बहुतेक दिवस कुलूप असतं. भांडून भांडून आम्ही गावातल्या तीन वावरांत आडोसे उभे केले. बाकीची वावरं तुमची आहेत.

म्हणून एवढं करा. वेचणी सुरू व्हायच्या आत धुऱ्याजवळ चार बांबू रोवा, त्यांना गोणपाट बांधा. मग बायांना पाणी विचारा.