बीरगंजचा जोगवा

देवाशी माझं कधी फार सख्य नव्हतं आणि भांडणही नव्हतं. दिवा लावायचा, हात जोडायचे आणि डबे भरायला लागायचं, एवढाच आमचा व्यवहार. कुवेतमधल्या फहाहीलच्या फ्लॅटमध्ये बावीस वर्षं तो असाच चालला. मी इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते, नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पाळीवर जातो. जे सांगायला बसले आहे ते घडलं तेव्हा मी फार थकले होते. अंगाचा थकवा झोपलं की उतरतो. हा थकवा पोटच्या पोरीच्या श्वासावर पहारा देऊन आलेला होता, आणि तो पहारा उठवायची मला हिंमत होत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी सानिका, माझी एकुलती एक मुलगी, साध्या तापाने आजारी पडली. चौथ्या दिवशी कळलं की हृदयाला सूज आली आहे. अकरा दिवस ती व्हेंटिलेटरवर होती आणि मी आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर. तिथे फरशी पुसायला सावित्री नावाची नेपाळी बाई यायची. माझ्याच वयाची असेल. काम आटोपलं की कागदी कपात चहा आणून द्यायची आणि भिंतीला टेकून खाली बसायची. आपल्या बीरगंजबद्दल बोलायची. बिहारच्या सीमेवरचं रक्सौल ओलांडलं की लगेच लागतं म्हणे, अर्धा बाजार इकडचा, अर्धा तिकडचा. तिथलं घंटाघर, गहवा माईचं देऊळ, छठ पूजेला घडिअर्वा पोखरीवर, म्हणजे तिथल्या मोठ्या तळ्यावर, लोटणारी माणसं. त्यातलं निम्मं माझ्या कानापर्यंत पोचायचंच नाही. नवव्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मैंने छठी मैया से माँग लिया है. बच्ची उठ गई तो भीख माँगकर छठ करेंगे. आप भी आएँगी ना?" नाकावरची माशी हाकलावी तसं मी "हाँ, हाँ" म्हटलं.

पोरगी उठली. मी मात्र त्या खुर्चीवरून उठलेच नाही, असं आता वाटतं. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते चिमट्यासारखं यंत्र असतं ना, ते मी विकत घेतलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, ती जरा दमलेली दिसली की मधेच एकदा. पुढे पुढे तर मी खोलीत शिरले की सानिका मान वर न करता नुसतं बोट पुढे करायची. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं की ती पूर्ण बरी आहे, तिला खेळू द्या. मी घरी येऊन तिचा बॅडमिंटनचा क्लास बंद केला.

यंदा बारावी झाली आणि तिने पुण्याला प्रवेश घेतला, बापाला हाताशी धरून, माझ्या नाकावर टिच्चून. मी यंत्र तिच्या बॅगेत घातलं, दुसरं घरी ठेवलं आणि बजावलं की दिवसातून दोनदा आकड्याचा फोटो पाठवायचा. तीन महिने फोटो आले. मग थांबले. मी फोनवर जे तोंडाला येईल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मम्मा, आय ॲम टायर्ड. मी बरी झालेय, पण तू मला बरं होऊच देत नाहीयेस." आणि फोन ठेवला. तीन आठवडे आमचं बोलणं नव्हतं. शाळेत फळ्यावर गणित अर्धं सोडवून मी पुढची पायरी विसरायला लागले.

त्यात एके दुपारी सावित्रीचा व्हॉइस मेसेज आला. ती यंदा कायमची घरी परतली होती. म्हणत होती, या वर्षी छठ करते आहे, उपास मी धरेन, पण मागायला माझं तोंड चालणार नाही. मुलगी तुमची, मागणं आईनेच करायचं. पाच घरं पुरेत. या.

पाच घरं म्हटल्यावर मी जागीच बसले. मी मूळची बार्शीची. माझी आई दर मंगळवारी हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. आमच्याकडे खायला कमी नव्हतं. तो देवीचा नेम होता. पण एकदा ती माझ्या वर्गातल्या मुलीच्या दारात उभी राहिली. त्या घरात मी अभ्यासाला गेले होते. मी दाराआड लपले आणि घरी येऊन थयथयाट केला. आई चिडली नाही. परडी उतरवत म्हणाली, "अगं, मूठ आवळून जोगवा मिळत नाही. देवीला रिकामा हात दाखवावा लागतो." त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की जन्मात कुणापुढे हात पसरायचा नाही. पसरलाही नाही. शेजारणीकडून कधी वाटीभर साखरही आणली नाही.

नवरा हसून म्हणाला, "तू आणि मागणार? तू दुकानदाराकडे सुटे पैसेसुद्धा मागत नाहीस." मग हसू आवरून म्हणाला, "जाऊन ये. इथे बसून तरी काय करते आहेस?" खरं सांगायचं तर भक्तीने नाही, त्या एका वाक्याने मी निघाले. दिवाळीनंतर सहा दिवसांची रजा टाकली. कुवेतहून काठमांडूच्या विमानात दोन-दोन वर्षांनी घरी निघालेले कामगार होते. माझ्या शेजारचा माणूस मांडीवर नवीन मिक्सरचं खोकं धरून झोपला होता. पुढे छोट्या विमानाने सिमरा आणि तिथून गाडीने बीरगंज.

सावित्रीने दारातच मिठी मारली. मी मोठ्या प्रौढीने बॅग उघडली. उपास म्हणून फहाहीलहून दोन किलो साबुदाणा, दाण्याचं कूट, वरीचे तांदूळ आणि बटाट्याचा कीस आणला होता. आपल्याला उपास म्हटलं की दुसरं सुचतं काय? सावित्री आणि तिची सून पोट धरधरून हसल्या. या उपासात दीड दिवस पाण्याचा थेंबही नसतो, हे तेव्हा मला कळलं. साबुदाणा फडताळात गेला आणि कितीतरी दिवसांनी मीही हसले. पारण्यानंतर सावित्रीला मला जवळचं परसा नावाचं जंगल दाखवायचं होतं, गढीमाईच्या देवळात न्यायचं होतं. मी म्हटलं, आधी ते मागणं उरकू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीची सुती साडी नेसून मी गल्लीत उतरले. रस्ते धुतलेले, उसाच्या मोळ्या उभ्या केलेल्या, गच्चीगच्चीवर ठेकुआसाठी धुतलेला गहू वाळत घातलेला. ठेकुआ म्हणजे गूळ घालून तळलेला छठीचा प्रसाद. सावित्री दहा पावलं मागे उभी राहिली, मध्ये बोलणार नाही म्हणाली. पहिल्या दारात माझ्या तोंडून शब्दच फुटेना. घरातल्या बाईला माझ्या अवतारावरूनच समजलं. तिने मूठभर तांदूळ पदरात घातले आणि उलट मलाच हात जोडले. दुसऱ्या घरी केळी मिळाली, तिसऱ्या घरी गुळाचा खडा. चौथं दार एका मुसलमान कासाराचं होतं. मी चुकलंच म्हणून मागे वळले, तर त्याने हाक मारून नारळ दिला. मैयाचं काम आहे, असं काहीतरी पुटपुटला. माझे कान तापले होते. मिळालेलं सगळं पदराच्या गाठोड्यात घट्ट आवळून, मी कधी एकदा हे संपतंय असं चालत होते.

पाचव्या दारात एक म्हातारी गहू राखत बसली होती, चिमण्या हाकलत. तिने सूपभर गहू उचलला, माझ्यापुढे आली आणि थांबली. मी "छठी मैया के लिए" म्हटलं. ती तशीच उभी. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "मुट्ठी तो खोलिए, दीदी. डालें कहाँ?"

मी खाली पाहिलं. दोन्ही हातांनी पदर असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. त्या बाईला माझी आई ठाऊक असायचं कारण नाही, बार्शी तर नाहीच. तिला फक्त गहू घालायचा होता. मी बोटं सोडली. सोडायला वेळ लागला, दुखलीही. मग पदर दोन्ही हातांनी पसरून धरला आणि भर रस्त्यात, त्या अनोळखी म्हातारीसमोर ढसाढसा रडले. माझ्याच तोंडून मराठीत निघालं, "माझी पोर तुझ्या पदरात टाकली गं आई, मला आता नाही झेपत." कुठल्या आईला म्हणाले, छठीला, तुळजाभवानीला की माझ्या आईला, ते मला आजही सांगता येणार नाही. म्हातारीने गहू घातला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चिमण्या आल्या म्हणून परत धावली.

त्या रात्री मी सलग आठ तास झोपले. दुसऱ्या दिवशी मावळत्या सूर्याला आणि तिसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला पोखरीत उभं राहून अर्घ्य दिलं. सावित्री कमरेइतक्या पाण्यात, सूप हातात, नाकापासून भांगापर्यंत केशरी शेंदूर. सकाळी धुकं होतं, सूर्य दिसायला वेळ लागला. हजारो माणसं गार पाण्यात उभी होती आणि कुणीही घड्याळ बघत नव्हतं. मीही बघितलं नाही.

घरी येऊन सावित्रीने पारणं केलं आणि माझा फोन वाजला. सानिका. तीन आठवड्यांनी, आपण होऊन.

"मम्मा, डोन्ट पॅनिक, ओके? मला ताप होता. आता गेला."

ताप चढला तेव्हा तिची रूममेट दिवाळीला गावी गेलेली होती आणि होस्टेल रिकामं होतं. छाती धडधडायला लागली तशी ती घाबरली. मला फोन केला असता तर मी पुढच्या विमानाने आले असते, म्हणून केला नाही. समोरच्या इमारतीत गेली आणि पहिलं दिसलं ते दार वाजवलं. एका काकूंनी उघडलं. ही म्हणाली, मला बरं नाहीये, माझं इथे कुणी नाही. त्यांनी आत घेतलं, डॉक्टरांकडे नेलं, ईसीजी काढून आणला. तो अगदी व्यवस्थित होता. दोन दिवस मऊ भात खायला घातला, तूप-मेतकूट घालून. मी विचारलं, दार कधी वाजवलंस? म्हणाली, "परवा सकाळी."

परवा सकाळी मी पाच दारं मागत होते. मी यातून काही सिद्ध करू बघत नाही. गणिताची बाई आहे, योगायोग म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मला एवढंच दिसतं की जी गोष्ट मला सत्तेचाळीस वर्षांत जमली नाही ती माझ्या लेकीने एकटीने, तापात, एका दारात उभं राहून केली. आणि कुणीतरी दार उघडलं.

माझ्या जिभेवर शब्द आले होते, 'ऑक्सिजन किती आहे?' सवयीने आले. मी ते गिळले आणि विचारलं, "आज जेवलीस का गं?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "नाही. काकू पोहे करतायत. तू काय खाल्लंस, मम्मा?" आणि मग आम्ही बराच वेळ नुसत्या खाण्यापिण्याचं बोलत बसलो.

घरचं ते दुसरं यंत्र मी पर्समध्ये घालून आणलं होतं, ते सावित्रीच्या नवऱ्याला दिलं, त्याला दम्याचा त्रास आहे. आता फहाहीलमध्ये मंगळवारी दिवा लावते तेव्हा हात जोडण्याआधी दोन्ही तळवे क्षणभर उघडे धरते. मुलीची काळजी अजून वाटते, खोटं कशाला सांगू? पण तिच्याकडे पाहणारी मी एकटी नाही. आई, तुझ्या मुलीला जोगवा मागायला फार उशीर झाला, तरी तुझ्या देवीने तो वाढला.