दोरीवरचा कंदील

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. वडील प्राथमिक शिक्षक होते. कुणी अंगारा आणून दिला तर ते त्याने भांडी घासायला सांगायचे! तेव्हा हे वाचून कुणी नारळ फोडायला धावू नये. घडलं ते तसंच सांगते.

परवा नात म्हणाली, भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नाहीत, म्हणून पट्टीवर सरकणारे दिवे घेतलेत. मला हसूच आलं. असा सरकता दिवा आमच्याकडे पन्नासच्या दशकातच होता... आणि त्याच्यापायीच हे सगळं.

मालवणात बंदराजवळ सुंदराकाकींच्या घरात आम्ही भाड्याने राहायचो. वीज आमच्या आळीत यायची होती. यजमान गलबतावर खलाशी, मी घरी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायची. काकींचे मुंबईचे पाहुणे आले की आमची खोली वेगळी करणारी बांबूची तट्टी सरकायची आणि आमचा अर्धा संसार इकडचा तिकडे व्हायचा. आज मशीन खिडकीशी, तर उद्या चुलीशी. टांगता दिवा एका जागी लावावा तर काकींचा दम —

"भिंतीक खिळो मारूचो नाय हां. भाड्यान दिलंय, इकूक नाय!"

मला दुकानातला पांढऱ्या काचेचा दिवा हवा होता. यजमानांनी त्याऐवजी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत उंचावर दोरी ताणली, तिच्यावर सरकणारी होडीची कप्पी लावली आणि कप्पीतून कंदिलाची बारीक दोरी सोडली. कंदील हवा तिथे न्यायचा, वर ओढायचा, दोरी खांबाला बांधायची.

"खंय व्हयो थंय ओढ," ते म्हणाले. "उद्या बिऱ्हाड बदललां तरी दोरी आपली, कप्पी आपली."

मग माझी गाठ बघून हसले. "ही परकराची गाठ गो! वारो इलो काय सुटतली."

मी फुरंगटले. पण ते बोलले ते खरंच होतं, माझी गाठ सुटायचीच.

त्या वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या खेपेला वादळ झालं. बाकीची गलबतं परतली. यांचं आलं नाही. बंदरावर विचारायला गेलं की माणसं नजर चुकवायची. मला जेवण जाईना. काम मात्र सोडलं नाही, हात थांबला की डोकं फिरायचं.

अशाच एका तिन्हीसांजेला काच पुसून कंदील जमिनीवर ठेवला. पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि मागच्या अंगणात तुळशीपाशी दिवा लावायला गेले. मागचं दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. परत येते तो कंदील वर — बरोब्बर मशीनच्या डोक्यावर! दोरी खांबाला बांधलेली. गाठ माझी नव्हती... आणि यांचीही नव्हती. चपटी, घट्ट, बाजूला एक लहानसा फास काढलेली. शेपूट ओढलं की अलगद सुटणारी.

"काकी, कंदील तुमी चढवलात?"

"माका खंय येता? हात वर जाणा नाय माजो."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकींना बोलावून गाठ दाखवली. त्यांचे सासरे तांडेल, म्हणजे गलबताचे मुख्य. दोरखंडातच काकींचा जन्म गेलेला. काकींनी गाठ वाकून निरखली, पण हात लावला नाही.

"अशी गाठ मी बघूक नाय. देवाक गाऱ्हाणां घाल गो बाय. दर्यातलो मनीस असो घराकडे येता, तो..."

पुढचं मला कळलं. मी खांबाला धरून रडले, अगदी ओक्साबोक्शी. मग माझा मलाच राग आला. जिवंतपणी ज्या माणसाने घरात तांब्या उचलून ठेवला नाही, तो मेल्यावर माझा कंदील टांगायला येईल? मी गाठ तशीच ठेवली, स्टुलावर चढून कंदील पेटवला आणि त्याखाली शिवत बसले. कपाळाचं कुंकू मात्र शंभरदा आरशात बघितलं.

आणि एका दुपारी हे दारात उभे! दाढी वाढलेली, पायात चपला नाहीत. डोलकाठी मोडून गलबत भरकटलं होतं, कसंबसं देवगडला लागलं होतं. मी काय बोलले ते आठवत नाही. काकी म्हणायच्या, आधी ओरडले आणि मग पेज वाढली.

संध्याकाळी मी मुद्दाम कंदील खाली ठेवला. यांनी तो वर ओढला, दोरी खांबाला बांधली... चपटी गाठ, बाजूला लहानसा फास!

मी त्यांचा हात धरला. "ही गाठ कधी शिकलात?"

"ह्याच खेपेक. डोलकाठी मोडल्यावर आमच्यातल्या म्हाताऱ्या खलाशान शिकयल्यान. तो म्हणालो, हात कामात रव्हले काय मन घाबरणा नाय. रोज तिन्हीसांजेक मी हीच बांधलंय नि सोडलंय. मनात येय, तुजी ती परकराची गाठ सुटली तर? काळोखात बसतलंस..."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते उठले आणि खांबावरची गाठ बोटांनी चाचपून आले.

याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. वडिलांनाही झाला नाही, आणि त्यांनी थट्टाही केली नाही. पुढे वीज आली, दोन बिऱ्हाडं बदलली, दोरी आणि कप्पी बरोबर आली. हे समुद्रावर असले की दिवेलागणीला मी कंदील जमिनीवर ठेवून तुळशीपाशी जायची, आणि कंदील वर गेलेला नसू दे म्हणत परत यायची.

दरवेळी कंदील जमिनीवरच असायचा. मी देवाला हात जोडायची आणि स्वतःच वर ओढायची.