परसातल्या सहा भोपळ्यांची गोष्ट

थोरल्या जाऊबाईंच्या हातची अंबाडीची भाजी चांगली होते. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, हिला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी. पावसाळ्यात ती भाजी आणि रानातलं काकडीसारखं वाळूक मीठ लावून खाल्लं, की परभणीतल्या माहेरची बारमाही कोबी आठवून तोंड कडू व्हायचं. आम्ही लहानपणी ती कोबीच खाल्ली. वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे, येताना बाजारात उरलंसुरलं मिळेल ते आणायचे. आमच्या भावकीत बी.एस्सी. झालेली मी पहिली. पण मातीत बी कधी टाकलेलं नव्हतं.

लग्न होऊन मानवतजवळच्या या गावात आले. घरामागं, कापसाला लागून, चार खाटांएवढी जागा रिकामी पडून होती. ती मी मागितली. जाऊबाई सासऱ्यांसमोर म्हणाल्या, "घे की. दसऱ्यापर्यंत काय पिकवून दाखवलंस तर तुझी. न्हाई तर सोयाबीनचं भुसकट टाकायला मला लागतीच जागा."

नवरा तिथंच बसून होता. एक शब्द बोलला नाही. ते मी अजून विसरले नाही.

मी लाल भोपळा लावला. जाऊबाईंच्या गाडग्यात राखेत ठेवलेलं घरचं बी होतं, पण मागायला जीभ रेटली नाही. बाजारातून पाकीट आणलं. वेल जागाभर पसरून कुंपणावर चढला. लिंबाएवढं पहिलं फळ दिसलं तेव्हा मीच जाऊबाईंना हाक मारली आणि बोट करून दाखवलं.

"सरळ बोट दाखवलंस?" त्या म्हणाल्या. "कवळ्या फळाला वाकडं बोट करून दाखवावं लागतंय गं. आता सडतंय बघ."

मी हसले. चार दिवसांत फळ पिवळं पडून गळालं. मग दुसरं. मग तिसरं. नळावर पाणी भरताना त्या चार बायांत बोलल्या, "आमची बीएस्सी नुसत्या बोटानं फळं पाडायलीय. लय शिकलीय."

आणि मी काय केलं? वनस्पतिशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली मी आठवडाभर वेलापुढं हात पाठीमागं बांधून उभी राहत होते. हे लिहितानाही स्वतःचा राग येतो.

एका सकाळी दिवस उगवायला परसात गेले. फुलं उमललेली होती आणि एकाही फुलावर मधमाशी नव्हती. वाऱ्याबरोबर औषधाचा वास आला. थोरले दीर पाठीवर पंप बांधून कापसावर फवारत होते. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, उन्हं चढली की मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशीनं नर फुलाचे पराग मादी फुलाला लावले नाहीत तर फळ गळणारच. परीक्षेत हेच मी रंगीत पेन्सिलींनी काढून दाखवलं होतं. वेलावर मात्र मला नुसतं पिवळं दिसत होतं.

"दादा, फवारणी संध्याकाळी केली तर?" मी विचारलं.

"तुझ्या भोपळ्यापायी कापूस अळीला खाऊ घालू का?" त्यांनी पंप थांबवलासुद्धा नाही.

मग मीच रोज पहाटे उठू लागले. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा.

"काय करायलीस गं?" जाऊबाई दारातून म्हणाल्या. "भोपळ्याचं लग्न लावायलीस का? अक्षदा आणू?"

"आणा. आहेरही आणा."

सहा फळं धरली. जाऊबाईंनी गावभर सांगितलं, बोट दाखवायचं सोडलं म्हणून धरली. मी चार वेळा समजावून सांगितलं, पाचव्यांदा सोडून दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दीर भुसकटाची ट्रॉली घेऊन परसात आले. जाऊबाईंनी हात केला. "टाका हितंच. वेल वाळायलाच लागलाय."

वेल वाळत होता, कारण भोपळे पिकले होते. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी जाऊन भोपळ्यांच्या मधोमध मातीत बसले.

"दसऱ्यापर्यंत म्हणाला होतात. सहा आहेत. मोजून घ्या."

"ऊठ. लोक बघायलेत."

"बघू द्या."

दिरांनी एकदा माझ्याकडं, एकदा बायकोकडं बघितलं आणि ट्रॉली मागं घेतली. माझ्यासाठी नव्हे, जेवायची वेळ टळत होती. भुसकट गोठ्यापुढं पडलं, वाऱ्यानं उडून जाऊबाईंच्या ओट्यावर आलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

दसऱ्याला पहिला भोपळा मी चिरला, मेथीदाणे आणि गूळ घालून भाजी केली. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली. नवरा म्हणाला, "गोड निघाला की." त्याला आता वाचा फुटली होती. जाऊबाईंनी चटणीशी भाकर खाल्ली. मी आग्रह केला नाही.